पंजाला काजळ

शर्वरीनं नोंदीसाठी आणलेल्या पिल्लाचा पुढचा पंजा घाटगेकाकांनी हातात घेतला. ठेंगण्या, काळ्याभोर कुत्र्यांचं हे मंडळ काकांनीच चाळीस वर्षांपूर्वी काढलेलं. अंगावर एक जरी पांढरा केस दिसला, तर वंशावळीच्या वहीत नोंद नाही. आणि हे पिल्लू, बुटकी, म्हणजे तर शर्वरीच्या बाबांनी मरेपर्यंत जपलेल्या घराण्यातली शेवटची मादी.

तिच्या पंजावरचा पांढरा ठिपका शर्वरीनं सकाळीच आपल्या बाळाच्या डबीतल्या काजळानं झाकला होता.

काकांनी ओल्या अंगठ्यानं पंजा घासला. अंगठा काळा झाला.

"पोरी, तीट बाळाला लावतात गं."

शर्वरीला मान वर करवेना. "काका, नोंद झाली नाही तर बाबांचं घराणं संपलं."

काकांनी वहीचं पहिलं पान उघडलं. मंडळाच्या पहिल्या कुत्रीचा पिवळट फोटो तिथे चिकटवलेला होता. "ही सगळ्यांची आजी. हिच्या पंजाला आम्ही बूटपॉलिश फासलं होतं. डबी तुझ्या बाबांनी धरली, ब्रश मी मारला."

मग त्यांनी पेन उचललं आणि ठळक अक्षरांत नोंद केली: 'बुटकी. पंजा पांढरा, आजीसारखा.'