घरामागची गाडी

कुकरच्या नळीतून वाफ येऊ लागली आणि सुनेत्राने शिट्टीसाठी पिशवीत हात घातला. शिट्टी पिशवीत नव्हती.

तिने डाळीचा डबा बाहेर काढला, फडकं झटकलं, पिशवी उलटी केली. समोर सहावीचा अख्खा वर्ग बसला होता. फळ्यावर वर्गाच्या बाईंनी, मिसेस हॅलोरननी, तीनशे वर्षांपूर्वीची यंत्रं काढली होती. दुर्बीण, लंबकाचं घड्याळ आणि शेवटी पापँ नावाच्या फ्रेंच माणसाचं भांडं, घट्ट झाकणाचं, झाकणावर वजन ठेवलेलं. प्रत्येकाने चिठ्ठीत निघालेलं यंत्र करून दाखवायचं होतं. तिच्या लेकीच्या, रुपालीच्या वाट्याला हे भांडं आलं. "हे तर आमच्या घरात आहे!" असं सुनेत्रा पालकसभेत बाईंनाच सांगून बसली आणि म्हणून आज नारायणपेठी साडी, खाली बर्फातले बूट, अशा थाटात कुकर घेऊन इथे उभी होती.

रुपाली खिडकीपाशी होती. आईपासून चार पावलांवर, ओळख नसल्यासारखी. शिट्टी तिच्या जीन्सच्या खिशात होती. सकाळी तिनेच ती पिशवीतून काढून घेतली होती.

कारण पहिल्या बाकावर बसलेली ट्रेसी. ती रोज संध्याकाळी फोन करायची आणि नेमका तेव्हाच घरात कुकर बोंबलायचा. हा कसला आवाज, असं तिने पहिल्यांदा विचारलं तेव्हा रुपालीच्या तोंडून निघून गेलं, आमच्या घरामागून आगगाडी जाते. घरामागे होती चार मोटारींची जागा आणि कचऱ्याचा डबा. पण थाप एकदा मारली की निभवावी लागते. वर्षभर ती गाडी रोज वेळेवर धावत होती आणि ट्रेसीला तिचं फार कौतुक होतं. आता शिट्टी झाली की संपलंच.

"वन मिनिट, प्लीज," सुनेत्रा वर्गाला म्हणाली. मग लेकीकडे वळली. "रुपाली, शिट्टी पाहिलीस का गं? मी स्वतः ठेवली होती."

"आय डोन्ट नो."

"तीनशे वर्षांपूर्वीचं भांडंच बरं होतं!" मागून कोणीतरी ओरडलं आणि वर्गात हशा पिकला. सुनेत्राही हसली. हसायचं असतं असं तिला वाटलं. पण तिचे कान लाल झाले होते. तिने रिकाम्या पिशवीत तिसऱ्यांदा हात घातला, आणि ते मात्र रुपालीला बघवेना.

ती चार पावलं पुढे आली. खिशातून शिट्टी काढून तिने आईच्या हातात दिली. "सॉरी, आई."

सुनेत्राने एकदा शिट्टीकडे पाहिलं, एकदा खिशाकडे. पदराने शिट्टी पुसली आणि नळीवर बसवली.

"नाऊ वेट," तिने सांगितलं. "नोबडी टच."

शिट्टी थरथरली, फुसफुसली. रुपालीने डोळे मिटून घेतले.

मग कुकरने असा काही सूर लावला की दोन मुलं बाकाखाली गेली. ट्रेसी ताडकन उठून उभी राहिली.

"रुपाली! दॅट्स युअर ट्रेन!"

सगळा वर्ग रुपालीकडे बघायला लागला. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. धरणी काही दुभंगली नाही.

"देअर इज नो ट्रेन," ती म्हणाली. "इट वॉज ऑलवेज द कुकर."

ट्रेसीचं तोंड एवढंसं झालं. मिसेस हॅलोरननी खडू उचलला. फळ्यावरच्या भांड्यापासून त्यांनी एक बाण काढला आणि बाणाच्या टोकाशी एक धुराडं, मग चाकं. या भांड्यातल्या वाफेचं बळ पापँने पाहिलं, त्या सांगू लागल्या, आणि दहा-अकरा वर्षांनी त्याच बळावर चालेल असं इंजिन त्याने कागदावर मांडलं. पुढे कितीतरी लोकांनी त्यात भर घातली, तेव्हा कुठे रेल्वे आली.

"तुझा कान चुकला नाही, ट्रेसी. गाडी इथूनच सुटली."

"आय न्यू इट!" ट्रेसी म्हणाली आणि एक खुर्ची कुकरच्या जवळ ओढून बसली. "कॅन आय कम हिअर इट ॲट युअर हाऊस?"

रुपालीला एकदम हलकं वाटलं. ती आईला खेटून उभी राहिली.

"कसली गाडी गं?" सुनेत्राने हळूच विचारलं.

"घरी सांगते," रुपाली म्हणाली. "आधी शिट्ट्या मोज. अजून दोन यायच्यात."