विल्फच्या ॲम्पचा शॉक

तिसऱ्या गाण्याच्या मध्यावर विल्फ रेनिसनने गिटारवरचा डावा हात झटकन काढून घेतला आणि गाणं तिथेच थांबलं. नाचणारी जोडपी क्षणभर घुटमळली, मग बिअर आणायला वळली.

"परत बसला," विल्फ शेजारी बास वाजवणाऱ्या गॉर्डनला म्हणाला. "ह्या वेळी कोपरापर्यंत."

विल्फ एकसष्ट वर्षांचा, बस डेपोतून निवृत्त झालेला. इंग्लंडमधल्या ब्लाइथ गावातल्या एका सोशल क्लबात दर रविवारी दुपारी त्यांचा बँड वाजवायचा. गिटारचा ॲम्प, म्हणजे आवाज मोठा करणारी पेटी, जुना होता, भला जड होता, आणि विल्फ तो कुणाला हात लावू न देता एकटाच जिन्यावरून वर चढवायचा.

सोमवारी त्यांनी नोरीन टेटला बोलावलं. नोरीनने वीस वर्षं जहाजांवर इलेक्ट्रिशियनची नोकरी केली होती आणि आता घरामागच्या गॅरेजमध्ये ती ॲम्प दुरुस्त करायची. गावातले झाडून सगळे गिटारवाले तिच्याकडेच येत. तिने स्टेजवरचं सॉकेट उघडलं तर अर्थिंगची तार निखळून मोकळीच लोंबत होती. मग ॲम्पचा प्लग उघडला, तर त्यातली अर्थिंगची तार कुणीतरी कापलेली.

विल्फने कबूल केलं की ती त्यानेच कापली होती, बऱ्याच वर्षांपूर्वी, ॲम्पमधून सारखी घूंऽऽ येत होती म्हणून.

"तू अजून जिवंत कसा, हेच मला नवल वाटतंय," नोरीन म्हणाली. गिटारच्या तारा आतून ॲम्पच्या पत्र्याला जोडलेल्या असतात, हे तिने त्याला समजावलं. पत्र्यात वीज उतरली आणि जमिनीत जायला वाट नसली, की ती बोटांतून शिरते आणि माइकला टेकलेल्या ओठांतून बाहेर पडते. असे गेलेले दोन जण तिच्या माहितीतले होते.

दोन्ही दोष तिने त्याच दिवशी दुरुस्त केले. पुढच्या रविवारी विल्फला पुन्हा शॉक बसला.

तिने ॲम्प गॅरेजमध्ये नेला, आतले जुने भाग बदलले, जरा कुठे गळती झाली तर वीज तोडणारा खटका स्टेजच्या वायरिंगवर बसवला. तारा आणि माइक यांच्यामध्ये मीटर लावला. काटा शून्यावर. त्या रविवारी शॉक विल्फच्या जबड्यापर्यंत गेला, आणि खटका मात्र जागचा हलला नाही.

"अगं बाई, जहाजंसुद्धा अशीच दुरुस्त करायचीस का?" त्याने सगळ्यांदेखत विचारलं. लोक हसले. नोरीनही हसली, पण त्या आठवड्यात गावातल्या दोन गिटारवाल्यांनी दुरुस्तीला दिलेले आपले ॲम्प तिच्याकडून तसेच परत नेले.

ती वही घेऊन विल्फच्या घरी गेली. शॉक कधी बसतो, असं तिने विचारलं. जलद गाण्यांना, तो म्हणाला, आणि क्लब गच्च भरलेला असताना. म्हणजे दिवे, पंखे, बिअर गार करणारी यंत्रं, सगळं एकदम चालू असतं तेव्हा, असं तिने लिहून घेतलं. एकदा तर ॲम्प जिन्यावरून चढवतानाच बसला होता. आत साठून राहिलेली वीज असणार, असा त्याचा अंदाज होता.

साठलेली वीज अशी पेटीच्या लाकडातून बाहेर येत नाही, हे नोरीनला पक्कं ठाऊक होतं. घरी येताना तिला एकच गोष्ट सुचत होती. गॉर्डनच्या भाच्याने नुकतंच दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. विल्फ आणि गॉर्डन मिळून आपलं नाव खराब करताहेत. विल्फला ती तीस वर्षं ओळखत होती, त्यामुळे तो विचार तिला जास्तच लागला.

बुधवारी सकाळी अकरा वाजता तिने दोघांना रिकाम्या क्लबात बोलावलं. ॲम्प स्टेजवर मांडून तयार होता. माइक तिने लावलाच नव्हता. विल्फला काय काय सुनवायचं ते ती मनात जुळवून आली होती.

"जलद गाणं म्हण," ती म्हणाली. "आणि उभ्याने म्हण, रविवारी म्हणतोस तसं."

विल्फने गिटार जोडली. पहिला सूर खणखणीत आला, घूं अजिबात नाही. गॉर्डनने मान डोलावली. विल्फने गाणं संपवलं, लगेच दुसरं धरलं. दुसऱ्याच्या मध्यावर त्याचा डावा हात तारांवरून निसटला आणि बोटं मिटली.

"घे," तो म्हणाला. "बघितलंस ना आता? पार जबड्यापर्यंत."

नोरीन बोलायला उठली होती, पण तिचं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे गेलं. तो राखेसारखा दिसत होता आणि वरच्या ओठावर घाम होता. क्लबात इतकी थंडी होती की गॉर्डनने कोटही काढला नव्हता. जुळवून आणलेलं सगळं ती विसरली. तिने विल्फच्या गळ्यातून गिटार काढली, त्याला खुर्चीवर बसवलं, आणि गॉर्डनला ॲम्ब्युलन्स बोलवायला सांगितलं.

"एवढ्याशा शॉकला ॲम्ब्युलन्स?" विल्फ म्हणाला. "आधी तुझी ती मशीन दुरुस्त कर."

नोरीनने ॲम्प फिरवला आणि त्याची पाठ त्याच्याकडे केली. आतलं सगळं यंत्र तिने काढून घरीच ठेवलं होतं, त्या जागी बॅटरीवर चालणारा एक लहानसा ॲम्प होता, आणि स्टेजवरच्या एकाही सॉकेटमध्ये सकाळपासून काहीच खोचलेलं नव्हतं.