ग्लोरियाची व्हॅन

"घोड्याचा रंग सांग," आई म्हणाली.

"तपकिरी."

"पांढरा लिहिलाय इथे." आईनं कार्ड उलटं करून दाखवलं. तिच्या दुसऱ्या हातात उलथनं होतं आणि तव्यावर मासळीचे तुकडे करपायला आले होते. "तपकिरी ती तुझी व्हॅन. व्हॅन डोक्यातून काढ म्हटलं ना मी?"

मार्नी अॅपलयार्डनं कपाळावर हात मारला. परीक्षा उद्यावर आलेली आणि ही पोर अजून त्या व्हॅनमध्येच बसलेली!

त्याचं झालं असं, की फेब्रुवारीत नेटबॉल खेळताना मार्नीचा घोटा मोडला आणि सात आठवडे तिला घरीच बसावं लागलं. शाळेत तिनं घेतलेल्या चित्रपटाच्या विषयात आजच्या ब्रिटिश सिनेमावर एक मोठा प्रश्न असतो. पाच सिनेमे दिलेले असतात, त्यांतल्या एकावर लिहायचं. वर्ग बुडतोय म्हणून जिवाला घोर लागला, तेव्हा पोरीनं मोबाइलवर परीक्षा मंडळाची यादी शोधली, आपल्याच मनानं त्यातला एक निवडला आणि कोणाला न विचारता तयारी केली. 'ग्लोरियाची व्हॅन'. बंदरावर चिप्स विकणाऱ्या बाईची गोष्ट. तब्बल अकरा वेळा पाहिला. पहिल्या दृश्यात वाफेनं धुरकटलेली काच आतून पुसणारा हात येतो, तो किती सेकंद दिसतो हेसुद्धा तिला पाठ होतं.

घोटा बरा झाल्यावर मोठ्या ऐटीत ती वह्या घेऊन शाळेत गेली. कॉथर्न सरांनी वही चाळली आणि चष्मा वर ढकलला.

"हे कुठून काढलंस गं?"

"मंडळाच्या यादीतून, सर."

सरांनी कपाटातून आपली जाडजूड फाइल काढली. प्लास्टिकच्या पाकिटातली पिवळी पडलेली यादी, कडेला चहाच्या कपाचा गोल डाग, कोपऱ्यात टाचणीचा गंज. त्यावर पाच नावं होती आणि व्हॅन त्यांत कुठेच नव्हती. "तिथे वरच्या वर्गांच्याही याद्या असतात. तीच पाहिली असशील," सर म्हणाले. ते रागावले नाहीत. त्यामुळे तर तिला जास्तच रडू आलं. मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर आपण धड वाचलंच नसणार, असं ती धरून चालली. अकरा वर्षं हा विषय शिकवणाऱ्या माणसाला कोण आणि काय विचारणार?

वर्गाला मात्र आयतीच करमणूक मिळाली. "काय गं व्हॅनवाली, एक प्लेट चिप्स मिळतील का? व्हिनेगर जास्त टाक," असं रीस रोज न चुकता म्हणायचा. बाकीचे खिदळायचे. सगळ्यांचा सरांच्या यादीतला 'हॅडक स्ट्रीट' केव्हाच तोंडपाठ झाला होता. चोरलेला घोडा, तीन पोरं, पावसानं ओली वस्ती. मार्नीला तो पहिल्यापासून शिकायचा होता आणि हातात तीनच आठवडे होते. या विषयात नऊपैकी सहाची श्रेणी मिळाली तरच लिंकनच्या फिल्म कॉलेजातली जागा तिची, नाहीतर ती दुसऱ्या कोणाची. आई मासळीच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून राहून पाय सुजवून घ्यायची. आपणही त्याच पट्ट्यापाशी जाऊन उभे राहणार, या विचारानं पोरगी ताट अर्धं टाकून उठायची.

कॉथर्न सर देवमाणूस. रोज जेवणाच्या सुट्टीत ते तिला घेऊन बसले. स्वतःचं चीजचं सँडविच मोडून अर्धं तिला द्यायचे आणि एकेक दृश्य थांबवून समजवायचे. घोकलेलं तिच्या डोक्यात राहत नव्हतं. घोडा म्हणावं तर व्हॅन आठवे. एकदा ती वैतागून म्हणाली, "जाऊ द्या सर, मला नाही जमणार." तेव्हा त्यांनी सँडविच खाली ठेवलं.

"सगळा वर्ग पुढे गेला आणि तू एकटी मागे राहिलीस, तर मला चैन पडणार नाही. समजलं?"

त्या दिवशी घरी येऊन तिनं व्हॅनची सगळी कार्डं आईच्या हवाली केली. आईनं ती रद्दीच्या डब्यात टाकली.

परीक्षेच्या सकाळी तिला काही खाववेना. पारदर्शक पाकिटातली पेनं तिनं तीनदा मोजली. पाण्याच्या बाटलीवरचा कागद सोलून काढला. दाराशी रीसनं विचारलंच, "व्हॅन कुठे लावलीस?" तिला हसू आलं नाही.

मोठ्या हॉलमध्ये आडनावांच्या क्रमानं बसवलं होतं, म्हणून अॅपलयार्डचं बाक अगदी दारालगत आलं. मार्नीनं डोळे मिटले. पांढरा घोडा. पांढरा घोडा. तीन पोरं.

"सुरू करा," पर्यवेक्षक बाई म्हणाल्या.

तिनं पेपर उघडला. पाच नावं होती. ती 'हॅडक स्ट्रीट' शोधू लागली. वरून खाली वाचलं, मग खालून वर वाचलं. मग बोट ठेवून एकेक नाव वाचलं. 'हॅडक स्ट्रीट' त्यांत कुठेच नव्हता, आणि चौथ्या नावावर तिचं बोट थांबलं.

मागे खुर्ची करकरली. तिनं वळून पाहिलं. रीसनं हात वर केला होता आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. मग त्याच्या पलीकडे एक हात वर झाला. मग आणखी दोन. बघता बघता वर्गातल्या बाकीच्यांचे तेवीसच्या तेवीस हात वर. बाई एकेकाजवळ जाऊन हळू आवाजात सांगत होत्या, की पेपरबद्दल त्यांना काहीच बोलता येत नाही.

मार्नीनं पेनाचं टोपण काढलं. वाफेनं धुरकटलेली काच, तिनं लिहिलं, आणि ती आतून पुसणारा हात.

अर्धं पान झाल्यावर तिनं मान वर केली. दाराच्या अरुंद काचेतून कॉथर्न सर आत डोकावत होते. तिथून त्यांना दारालगतचं एकच बाक दिसत होतं. त्यांनी मार्नीला भराभर लिहिताना पाहिलं, दोन्ही अंगठे वर केले आणि निश्चिंत मनानं चहा प्यायला निघून गेले.