नायिकेचा मुक्काम दोन ठिकाणी

“यापुढे मराठी कादंबरीचं एका शेवटावर भागणार नाही,” असं मी जाहीर केलं. सभेला बायको एकटीच हजर होती आणि ती मटार सोलत होती.

माझी नवी नायिका क्वांटमच्या नियमाने वागते. भरलेली पिशवी घेऊन, नवऱ्याला सोडून ती एसटीत बसते आणि त्याच वेळी घरीही असते. वाचक शेवटचं पान उघडेपर्यंत दोन्ही गोष्टी खऱ्या.

“पिशवी निळी आहे का हो?” बायकोने विचारलं.

निळीच होती. एकेचाळीस वर्षांपूर्वी एका सकाळी आमच्या दाराआड तशीच पिशवी भरून ठेवलेली मी पाहिली होती. संध्याकाळी पिशवी नव्हती, बायको होती. मी चौकशी केली नाही. ते पान मिटलेलंच बरं वाटलं.

“स्टँडवर गेले होते मी,” ती म्हणाली. “खिडकीची जागासुद्धा मिळाली होती.”

दुपारच्या उन्हात मला ती दोन ठिकाणी दिसू लागली. एक समोर, मांडीवर मटारच्या शेंगा घेऊन. दुसरी एसटीच्या खिडकीत, केस वाऱ्यावर सोडून. खिडकीतली जरा जास्त खुशीत वाटत होती.

“मग उतरलीस कशाला?” मी विचारलं. उत्तर दोघींपैकी कोण देईल, याचा नेम नव्हता.

“दूध तापत ठेवलेलं आठवलं. घरात तुम्ही होतात, पण लिहीत होतात.” तिने पुढची शेंग सोलली. “आत्ताही ठेवलंय. तेवढा गॅस बंद करून या.”