परवान्याची मुदत

"तुमचा परवाना कुठे दिसत नाही तो?" नवा पेशंट भिंतीकडे बघत म्हणाला.

टॉवेलांच्या घड्या तशाच टाकून जनेल काउंटरपुढे आली. भिंतीवर बियाण्यांच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलेलं होतं आणि परवाना त्याच्या मागे होता. तो तिथे दडवला होता तिनेच.

"काच फुटली त्याची. फ्रेम दुरुस्तीला दिलीय."

"पण कायद्याने लावावा लागतो ना?"

"लागतो. काच कायद्याला विचारून फुटत नाही."

तो हसला आणि खिशातून छोटी वही काढून त्याने काहीतरी टिपून घेतलं. दुखऱ्या गुडघ्याचा माणूस वही कशाला आणेल?

एवढ्यात मॅक्सीनबाईंनी आतून हाक मारली आणि तो लंगडत पडद्याआड गेला. लंगडणंही तिला जरा जास्तच वाटलं.

दवाखाना मॅक्सीन टोलेफसन यांचा. सव्वीस वर्षं त्या या गावाचे गुडघे, खांदे आणि कंबरा सांभाळत आल्या होत्या. दुसरा फिजिओथेरपिस्ट गाठायचा तर ऐंशी मैल गाडी हाकावी लागे. जनेल त्यांची सहायक. ती दोन वर्षांपूर्वी परीक्षा पास झाली आणि तिला स्वतःचा परवाना मिळाला, तोही मॅक्सीनबाईंनी रोज संध्याकाळी तिची तयारी करून घेतली म्हणून. कागदपत्रांचा मात्र बाईंना मनापासून कंटाळा. "कायदेकानू तू वाच, मी गुडघे वाचते," असं म्हणून त्या मोकळ्या व्हायच्या.

जानेवारीत त्यांचा नवरा रोलंड गेला. त्याच महिन्याच्या अखेरीस त्यांच्या परवान्याची मुदत संपली. फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी धूळ पुसताना जनेलला ती तारीख दिसली.

"मॅक्सीन, हा संपला की हो!"

"नूतनीकरण केलंय गं. कागद येईल टपालाने," बाई तिच्याकडे न बघता म्हणाल्या.

जनेलने परवाने देणाऱ्या राज्याच्या बोर्डाच्या वेबसाइटवर बाईंचं नाव टाकून पाहिलं. समोर लाल अक्षरांत 'मुदत संपली' असं आलं. मग ती रोज सकाळी बघू लागली. अक्षरं लालच राहिली आणि बाई पेशंट तपासत राहिल्या. बिनपरवाना पेशंटला हात लावणं म्हणजे त्या राज्यात सरळ गुन्हा. सव्वीस वर्षांच्या कामावर पाणी पडलं असतं.

नियमांत खाली आणखी एक कलम होतं. असा प्रकार माहीत असलेल्या परवानाधारकाने तीस दिवसांत बोर्डाला कळवलं नाही, तर त्याचाही परवाना जातो. जनेलने चार-पाचदा फोन उचलला आणि खाली ठेवला. नवऱ्याच्या मातीहून आलेल्या बाईची तक्रार करायची? आणि आपल्याला माहीत होतं हे कोणाला कळणार आहे? तीस दिवस उलटले, वर आणखी तेरा गेले. बाईंची काळजी मात्र तिला पोखरत होती. दारात अनोळखी गाडी थांबली की ती खिडकीशी धावायची.

पडद्यामागून आवाज आला. "परवाना किती वर्षांनी नवा करावा लागतो हो इथे?"

"दोन. आता पाय सरळ करा बघू."

"आणि मुदत चुकली तर?"

जनेलला राहवलं नाही. तिने पडदा बाजूला सारला. "मॅक्सीन, फोन आलाय. आत्ता या. आत्ताच."

मागच्या खोलीत नेऊन तिने दार लावलं. "त्याला हात लावू नका. तो बोर्डाचा माणूस आहे. मला सगळं माहीत आहे, मॅक्सीन. तुमचं नूतनीकरण झालेलं नाही."

मॅक्सीनबाई खळखळून हसल्या. रोलंड गेल्यापासून त्या पहिल्यांदाच तशा हसत होत्या.

"अगं वेडे, तो चर्चचा नवा पाद्री आहे. त्याची बायको आपल्याच धंद्यातली. दुसऱ्या राज्यातून आलेत, तिला इथला परवाना काढायचाय, म्हणून विचारतोय बिचारा."

जनेलने खुर्ची ओढली.

"आणि बोर्डाचा असता तरी काय?" बाई म्हणाल्या. "मीच गेल्या आठवड्यात बोर्डाला सगळं लिहून कळवलं. रोलंडच्या आजारपणात विसरले, मग लाज वाटली, तुलाही थाप मारली. आज नऊ वाजता त्यांचा फोन आला. आपणहून सांगितलं म्हणून दंडावर सोडलं. परवाना नवा झाला."

जनेलला रडू फुटलं. तिने बाईंना घट्ट मिठी मारली. त्रेचाळीस दिवसांचं ओझं उतरलं होतं.

"रडतेस काय, पोरी?" मॅक्सीनबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "तू रोज सकाळी त्या साइटवर माझं नाव बघायचीस, ते मला दिसायचं. फॉर्मवर विचारलंच होतं, दवाखान्यात आणखी कोणाला माहीत होतं का म्हणून. मी का लपवू? तारखेसकट लिहिलं. माझ्या जनेलला पहिल्या सोमवारपासून माहीत होतं, पण माझ्यासाठी तिने चकार शब्द काढला नाही. म्हटलं, अशी माणसं आता मिळतात कुठे, कळू दे बोर्डाला!"