खांद्यावरचा वळ

चैताच्या उन्हात कुत्रीसुद्धा जीभ काढून पडली होती, पण हरिदास सदरा काढत नव्हता. दिवस कलला की कुऱ्हाडीवाचून जंगलात जायचा. पोराचं हे लक्षण अंजनाबाईला धड दिसेना. शेवटी तिनं सदरा ओढलाच. खांद्यावर पट्ट्याचा वळ दिसला. नवऱ्याच्याही खांद्यावर मरेपर्यंत असाच होता, पाटलाच्या दारी ढोल वाजवून पडलेला. दीक्षा घेतल्यावर त्यानं तो ढोल वैनगंगेत फेकला. “कोनाच्या दारात वाजवून राह्यला रे मुडद्या?” “कोनाच्याच नाई, माय. भीमजयंतीसाठी पोरायनं नागपूरहून बास ड्रम आणला. मिरवणुकीत मी वाजवणार, म्हनून जंगलात हात बसवून राह्यलो.” “मंग मले काऊन नाई सांगतलं?” “तू ढोलाचं नाव काढू देते का?” अंजनाबाईनं त्या वळावर मोहाचं तेल चोळलं आणि बजावलं, “तुहा बाप पाटलाच्या दारात उभा राहून वाजवे. तू तिथी थांबू नोको. वाजवत पुढं जाजो.”