दोन फाटकांमधली नात

या, जरा पुढे सरकून बसा. देवाचं नाव मनात असू द्या, कारण गोष्ट माणसांची आहे आणि माणसांनी हिच्यात काही बरं केलेलं नाही.

सुईणबाई जाळीच्या अलीकडे उभी होती. जाळीपलीकडे, दोन देशांच्या दोन फाटकांच्या मध्ये, पत्र्याची लांब शेड होती आणि शेडीत तेवीस पोरं. त्यातली एक तिची नात. सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली.

शेड बांधली होती मैत्रीसाठी. दोन्ही शेजारी गरीब, दोन्हीकडे गोवराने पोरं जात होती. तेव्हा लस मिळून घेऊ, पोरांना मिळून टोचू, असा करार झाला. मंत्र्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. पण टोचायचं तर जन्माची नोंद हवी, आणि हद्दीवरच्या ओढ्याकाठच्या पोरांजवळ कागदाचा कपटा नव्हता. कुणीतरी म्हणालं, सुईणबाईला बोलवा. दोन्ही काठांवरची पोरं तिच्याच हातावर आलीत.

केवढा मान वाटला तिला! ठेवणीतले कपडे घालून ती चार दिवस खुर्चीवर बसली. अक्षराशी ओळख नाही, पण कोण पायाळू, कुणाच्या गळ्याभोवती नाळ होती, कोण जन्मल्यावर रडायचंच विसरलं होतं, सगळं तोंडपाठ. लिहिता लिहिता कारकून थकला. "लिही रे बाबा," ती त्याला चिडवायची. "मी शंभर बायका सोडवल्या, तुझा एवढ्यात हात मोडला?"

आणि कुणी विचारलं नव्हतं, तरी एक गोष्ट तिने कौतुकाने सांगितली. "ओढ्यापलीकडे दिलेल्या लेकी पहिल्या बाळंतपणाला आईकडे येतात, बरं का. माझी नातसुद्धा माझ्याच खोलीत झाली, चुलीच्या उबेला." कारकुनाने तेही उतरवलं. पोरांना लस मिळाली. सुईणबाईला प्रशस्तिपत्र मिळालं.

दोन महिन्यांनी पलीकडच्या सरकारने ती वही वाचली. तेवीस पोरं परमुलखात जन्मलेली, म्हणजे परकी. वर्गातून उठवून त्यांना फाटकाबाहेर काढलं. अलीकडचं सरकार म्हणालं, बाप तिकडचा, म्हणजे मूल तिकडचं. आमचा काय संबंध? मधली शेड रिकामीच होती, पोरांना तिच्यात ठेवलं. आया पलीकडच्या फाटकाचे गज धरून बसल्या. त्यांना आत सोडत नव्हते.

अलीकडचा साहेब काही दगड नव्हता. पलीकडच्या साहेबाच्याही घरात लेकी होत्या. करारात एक कलम होतं: साक्षीदाराने स्वतः चूक कबूल केली, तर दोन्ही साहेबांच्या सहीने नोंद बदलता येते. दोघांनी गुपचूप ठरवलं. आधी नातीची नोंद बदलायची. ती बदलली की बाकीच्या बावीस त्याच वाटेने बदलतील. वर कुणी शंका घेऊ नये म्हणून कारकुनाला ताकीद दिली, जाळीपाशी जो शब्द बोलला जाईल तो जसाच्या तसा लिहायचा.

म्हणून आज जाळीपाशी टेबल मांडून दोन्ही साहेब बसले होते.

"आजी," अलीकडचा साहेब हळूच म्हणाला, "वय झालं तुमचं. इतकी पोरं सांगितलीत, एखाद्या ठिकाणी गल्लत होणारच. तुमची नात तिकडंच जन्मली ना? तुम्हीच गेला होतात ना तिकडं?"

सुईणबाईने त्याच्याकडे पाहिलं. बाळंतिणीच्या कळा नुसत्या चेहऱ्यावरून ओळखणारी बाई ती. तिला लगेच समजलं. उभ्या आयुष्यात ती एकही जन्म विसरली नव्हती. तेवढीच तिची मिरवायची वस्तू. तीही तिने क्षणात टाकून दिली.

"चुकलंच साहेब. म्हातारीचं डोकं, काही म्हणता काही आठवत नाही. नात तिकडंच झाली."

पलीकडच्या साहेबाने सुटकेचा निःश्वास सोडला. अलीकडच्याने पेनाचं टोपण काढलं.

"खोटं!"

नातीने जाळीला गाल चिकटवला होता. "आजी, असं काय करतेस गं? मी तुझ्याच घरी झाले ना! आईनं मला ती खोली दाखवलीय! सांग ना त्यांना, मग ते मला तुझ्याकडं सोडतील!"

"गप गं!" सुईणबाई किंचाळली.

पण तोवर शेडीतली सगळी पोरं जाळीशी धावली होती. "मीपण! मीपण आजीच्या हातावर इकडंच झालो!" जो तो हात वर करून उड्या मारत होता. कारकून मान खाली घालून एकेक शब्द उतरवत होता. ताकीदच होती तशी.

साहेबांनी एकमेकांकडे पाहिलं. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. दोघांनी खाली सह्या केल्या. करार झाल्यापासून दोन्ही देशांचं पहिल्यांदाच एका ओळीवर एकमत झालं: जन्म अलीकडचा, बाप पलीकडचा, नोंद कायम.

त्याला आता दोन वर्षं झाली. नातीला पुढचे दात आले. पोरं अजून शेडीतच आहेत. "त्या दिवशी आजी विसरली होती," नात सगळ्यांना ऐटीत सांगते, "मीच तिला आठवण करून दिली." आणि सुईणबाई रोज जाळीतून बोटं घालून तिचे केस सारखे करते, म्हणते, "हो गं माझी बाय. बरं झालं तू सांगितलंस."

बाबांनो, रात्री देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या पोरीची आठवण ठेवा. आणि कधी त्या जाळीपाशी गेलात, तर तुमच्या पाया पडतो, तिला खरं सांगू नका.